आंतड्यांतलें विष आणि घरांतलें मीठ

आपल्या खेड्यापाड्यांत एक समजूत फार खोल रुजून बसली आहे. ती अशी कीं, माणसाला ढाळ लागले म्हणजे त्याचें पाणी तोडावें. "वरून ओतलें कीं खालून जातें, मग ओतावें कशाला?" असा हा सरळ हिशेब. फुटक्या रांजणांत पाणी भरीत बसणाराला आपण वेडा म्हणतों, तेव्हां हा हिशेब वरवर पाहतां शहाणपणाचाच वाटतो. परंतु वाचकहो, ह्या शहाणपणानें घरोघरचीं लेंकरें मारलीं आहेत. आंतडें हा रांजण नव्हे, आणि पटकींत तो फुटतही नाहीं. ज्यांस हें ठाऊक नव्हतें त्यांनीं हा हिशेब मांडला. ज्यांस ठाऊक झालें त्यांनीं आपल्या दारीं येऊन, आपल्या भाषेंत, तो दुरुस्त करून दिला नाहीं. मी शाळामास्तर आहें, वैद्य नव्हे. माझ्या हातांत खडू आहे, सुई नाहीं. परंतु फळ्यावरचा चुकलेला हिशेब पुसणें हें तर मास्तराचेंच काम आहे.

आधीं आंतडें आहे कसें तें पाहूं. बोकडाची वजडी ज्या मायबहिणींनीं धुतली आहे त्यांना मी नवें कांहीं सांगत नाहीं. मोठ्या माणसाचें लहान आंतडें सुमारें वीस फूट लांब असतें, आणि आंतून त्याला नव्या घोंगडीसारखी दाट लव असते. ह्या लवेवर पेशींचा एकच थर असतो. एकेरी विटांची भिंत म्हणा. गवंडी दगडांच्या सांध्यांत दर्जा भरतो, तशा ह्या पेशींच्या सांध्यांतही दर्जा भरलेल्या असतात. त्यामुळें आंतली घाण रक्तांत शिरत नाहीं व अंगांतलें पाणी आंत पाझरत नाहीं. आपण दिवसाला दोन-एक लिटर पाणी पितों. परंतु तें पाणी, लाळ, पित्त आणि पाचक रस मिळून आठ-नऊ लिटर पाणी रोज आंतड्यांत उतरतें. हें सारें पाणी ती एकेरी भिंत परत अंगांत ओढून घेते. शौचावाटें जातें तें जेमतेम पेलाभर. म्हणजे आंतडें ही पाणी वाहून नेणारी पन्हळ नसून पाणी वर उपसणारी मोट आहे.

ह्या भिंतीची वीट फार दिवस टिकत नाहीं. चार-पांच दिवसांत जुनी पेशी गळून पडते आणि खालून नवी वर सरकते. ही गोष्ट गांठीला बांधून ठेवा, पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां रोग. पुष्कळांची कल्पना अशी कीं, जंतु म्हणजे बारीक कीड. ती आंतडें कुरतडते आणि मग पोट बिघडतें. कांहीं रोगांत जंतु पेशींत घुसतात हें खरें. परंतु बहुतेक मोठ्या घातांत जंतु आपण बाजूला राहतो आणि विष सोडतो. सगळें काम तें विष करतें. आणि विष-विष म्हणून सारें एकच नव्हे. एक विष भिंतीला ओरखडा न काढतां घर लुटतें, दुसरें भिंतच पाडतें. ह्या दोहोंतला भेद ज्या घराला कळला, त्या घरांतल्या माणसाच्या जगण्याची आशा दुणावली असें मी समजतों.

पहिलें विष पटकीचें. पटकी हा शब्द आपल्या बोलींत शिवी होऊन बसला आहे, यावरून तिनें किती घरें बुडविलीं असतील तें समजावें. पूर्वी गांवांत पटकी शिरली कीं मरीआईचा गाडा करून तो पुढच्या गांवाच्या शिवेंत लोटून देत. तें गांव तो आणखी पुढें लोटी. ज्यांची श्रद्धा असेल त्यांचें मन मी दुखवूं इच्छित नाहीं. परंतु रोग गाड्यांत बसून जात नव्हता, तो ओढ्याच्या पाण्यांतून आणि विहिरीच्या पोहऱ्यांतून जात होता. आणि गाड्यापुढें कापलेल्या कोंबड्यानें देवऋष्याचें पोट भरलें, एवढाच त्याचा गुण.

१८८४ सालीं जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांच्या आंतड्यांत स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु दाखविला. (इटलींतल्या पाचिनी नांवाच्या गृहस्थानें तो १८५४ सालींच पाहून लिहून ठेवला होता. परंतु मोठ्यांच्या सभेंत लहानाचा शब्द कोण ऐकतो?) हा जंतु विष सोडीत असला पाहिजे असा तर्क कॉख यांनीं केला. पण तें विष कोणाच्या हातीं लागेना. पाऊणशें वर्षें लागेना! शोधणारे लोक तें जनावरांच्या रक्तांत आणि इतर अंगांत धुंडाळीत राहिले, आणि चोर बसला होता आंतड्यांत.

तो धरला आपल्याच देशांतल्या एका खेड्यांतून आलेल्या माणसानें. शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ सालीं बंगाल्यांत हुगळी जिल्ह्यांतल्या गरिबाटी गांवीं झाला. कलकत्त्यास ते डॉक्टर झाले, लंडनला जाऊन शिकून आले आणि पुन्हां कलकत्त्यासच तुटपुंज्या साधनांवर कामाला लागले. १९५३ सालीं त्यांनीं सशाच्या आंतड्याचा एक तुकडा दोन्ही टोंकांना दोऱ्यानें बांधला, सोग्यांत पैसा बांधावा तसा, आणि त्या बांधल्या तुकड्यांत पटकीचे जंतु घातले. तुकडा तांदुळाच्या धुवणासारख्या पाण्यानें टम्म फुगला. मग १९५९ सालीं त्यांनीं जंतु वाढविलेल्या रसांतून एकूण एक जंतु गाळून काढले आणि नुसता गाळीव रस तुकड्यांत सोडला. तुकडा तसाच फुगला. जंतु नाहीं, तरी पटकी आहे! विष असतें, तें जंतूच्या बाहेर सुटलेलें असतें आणि आंतड्यावरच काम करतें, हें ह्या एका प्रयोगानें सिद्ध झालें. एक दोरा आणि एक गाळणी. डे १९८५ सालीं वारले. १९७८ सालीं नोबेल संस्थेनें पटकीवरील आपल्या परिषदेस त्यांना बोलाविलें होतें. परंतु हयातींत त्यांच्या स्वतःच्या देशानें त्यांचा फारसा मान केला नाहीं. आमच्या क्रमिक पुस्तकांत राजांच्या स्वाऱ्यांना पानेंच्या पानें मिळतात. ह्या माणसाला एक ओळ मिळाली तर कांहीं बिघडेल काय?

हें विष करतें काय तें आतां नीट ऐका. त्याचे सहा भाग असतात. पांच भागांचें एक कडें होतें; तें पेशीच्या अंगावर चिकटून बसतें. सहावा भाग आंत शिरतो. पेशींत पाणी सोडण्याचा हुकूम देणारी एक चावी असते. एरवीं ती क्षणभर उघडते आणि आपोआप मिटते. विष ती चावी उघडी असतांनाच जाम करून टाकतें. पाटाचें दार उघडावें आणि त्याची चावी विहिरींत फेंकून द्यावी, तसा हा प्रकार. मग मिठाचा एक अंश, क्लोराईड, पेशींतून बाहेर धांवतो; त्याच्यामागें मिठाचा दुसरा अंश, सोडियम; आणि मिठामागें पाणी. जोराच्या पटकींत तासाला लिटरभर पाणी अंगांतून जाऊं शकतें. डोळे खोल जातात, बोटांचीं टोंकें सुरकुततात, आवाज बसतो, पायांत पेटके येतात, नाडी लागत नाहीं. औषधपाणी न मिळालें तर अशा जोराच्या पटकींत निम्मीं माणसेंही दगावतात, आणि कित्येक तर एका दिवसाच्या आंत. माणूस विषानें जळून मरत नाहीं. अंगांतलें पाणी संपून, रक्त आटून मरतो.

आणि भिंत? पूर्वीचे विद्वान मढ्यांचीं आंतडीं उघडून सांगत कीं, पटकींत आंतड्याची साल सोलून निघते. पुढें बँकॉकमध्यें पटकीच्या जिवंत रोग्यांच्या आंतड्याचे कणाएवढे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. तो तपास १९६० सालीं प्रसिद्ध झाला. साल जागच्या जागीं होती! सोललेली दिसे ती मरणानंतर. तेव्हां ज्या रोगानें हजारों गांवें ओस पाडलीं, त्यांत आंतडें फुटत नाहीं, सडत नाहीं, त्याला भोंकही पडत नाहीं. एक दार उघडें अडकून राहतें, इतकेंच.

आतां मघां गांठीला बांधलेली गोष्ट सोडा. चावी जाम झालेली ती पेशी चार-पांच दिवसांत आपोआप गळून जाणार आहे आणि तिच्या जागीं नवी, शहाणी पेशी येणार आहे. म्हणजे रोग्याला तेवढे दिवस पाण्यावांचून मरूं द्यायचें नाहीं, एवढेंच आपलें काम उरतें. पाणी तोडणारें घर नेमकें ह्याच्या उलट करतें. शत्रु बाहेरून लुटतो आहे आणि आपण आंतून धान्याचें पेव बुजवितों!

"पण मास्तर, पाणी दिलें तर तेंही वाहूनच जाईल ना?" हा प्रश्न बरोबर आहे. नुसतें पाणी दिलें तर पुष्कळसें वाहून जाईल. परंतु ह्या भिंतीला मीठ आंत घेण्याचें आणखी एक दार आहे, आणि त्या दाराची रीत निराळी आहे. ग्लुकोज नांवाच्या साखरेचा एक कण आला, कीं तो सोडियमचे दोन कण हातांशीं धरून आंत जातो, आणि त्यांच्यामागून पाणी जातें. साखर आणि मीठ अशीं जोडीनेंच आंत शिरतात ही कल्पना रॉबर्ट क्रेन नांवाच्या शास्त्रज्ञानें १९६० सालीं मांडली. आपली उसाची साखर पोटांत गेली कीं तिच्यांतूनही ग्लुकोज निघतें. पटकीच्या विषाला ह्या दाराला हात लावतां येत नाहीं. एका दारानें चोर माल बाहेर काढतो आहे, परंतु दुसऱ्या दारानें आपल्याला माल आंत भरतां येतो. साखर नाहीं तर मीठ जात नाहीं, मीठ नाहीं तर पाणी जात नाहीं. साखर-मीठ-पाणी ह्या तिहींच्या मेळांत सारी करामत आहे.

ह्या करामतीची खरी परीक्षा झाली १९७१ सालीं. बांगला देशाच्या युद्धांत लाखों निराश्रित सरहद्द ओलांडून बंगाल्यांत आले आणि छावण्यांत पटकी सुटली. बनगांवच्या लहानशा दवाखान्यांत रोगी जमिनीवर पडले होते, आणि ओकारी व ढाळ यांच्या राड्यांत गुडघे टेकून डॉक्टर त्यांना शिरेंतून सलाईन देत होते. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं कलकत्त्यास ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्या भरविल्या: लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. तें पाणी पिंपांत कालवून ठेवलें आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं पेले दिले. पाजणारे होते आया, बाप, भाऊ. त्यांत शिकलेले किती असतील? परंतु शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मरणाचें प्रमाण त्या पाण्यावर राहिलेल्यांत ३.६ वर आलें. हा पराक्रम मोठ्या इस्पितळाचा नव्हे. आईच्या हाताचा आहे. महालनबीस २०२२ सालीं वारले; २०२३ सालीं सरकारनें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलें.

मग ह्या गोष्टीला अर्धशतक उलटून गेलें तरी पोराला चार जुलाब झाले कीं आपण "सलाईन लावा" म्हणत गाडी कां काढतों? माझें मत मी स्पष्ट सांगतों. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांत कोणाची दुकानदारी होत नाहीं. पूर्वी देवऋषी लिंबू मागे, आतां कित्येक गांवांत सुई मारणारा नोट मागतो. आणि आपल्याही मनांत असें बसलें आहे कीं, ज्याला पैसे पडले नाहींत तें औषधच नव्हे. ज्या रोग्याची शुद्ध हरपली, ज्याला पिववत नाहीं, ज्याची नाडी लागत नाहीं, त्याला शिरेंतून सलाईन तात्काळ मिळालेंच पाहिजे. तेथें घोंट पाजीत बसणें म्हणजे जीव घालविणें आहे. परंतु जो पिऊं शकतो त्याला सुई कशासाठीं? तोंडानें दिलेलें तेंच पाणी त्याच अंगांत जातें.

दुकानदारीचा दुसरा नमुना बाजारांत मांडलेला होता. गोड सरबतांच्या खोक्यांवर ओ.आर.एस. हीं अक्षरें छापून तीं औषध म्हणून खपत होतीं. २०२५ सालच्या ऑक्टोबरांत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें अशा पेयांवर तीं अक्षरें छापण्यास मनाई केली तें योग्यच झालें. साखर बेताची असली तर मिठाला आंत नेते. फाजील झाली तर ती आंतड्यांत पडून राहते आणि उलट अंगांतलें पाणी बाहेर ओढते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं त्यांना पाणी सुटतें, तोच हा न्याय. म्हणून माप पाळावें. सरकारी पाकीट मिळालें तर सर्वांत उत्तम. आशाताईकडे व उपकेंद्रांत तें फुकट मिळतें, त्यांत पोटॅशियमही असतें. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहावें, डोळ्यांतल्या आसवांपेक्षां खारट लागलें तर फेंकून द्यावें. दोन वर्षांच्या आंतल्या मुलास दर जुलाबामागें अर्धी ते एक वाटी चमच्याचमच्यानें, त्याहून मोठ्यास एक ते दोन वाट्या, प्रौढास मागेल तितकें. ओकलें तर दहा मिनिटें थांबावें आणि पुन्हां हळूहळू पाजावें. अंगावरचें दूध तोडूं नये, पेज-भात बंद करूं नये. लहान मुलांना जस्ताच्या गोळ्याही दहा ते चौदा दिवस द्यावयाच्या असतात. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येंच टाकूं नयेत. त्याहि आशाताईकडे मागाव्या.

हें झालें भिंत न पाडणाऱ्या विषाचें. आतां भिंत पाडणारें. येथें मात्र घरच्या मीठसाखरेवर विसंबून बसाल तर घात होईल, म्हणून हा भेद मी इतका ठासून सांगतों.

१८९७ सालीं जपानांत रक्ताच्या हगवणीची मोठी सांथ आली. नव्वद हजारांच्या आसपास माणसें आजारी पडलीं आणि शेंकड्यास वीसाहून अधिक मेलीं. किओशी शिगा नांवाच्या तरुणानें तिचा जंतु शोधून काढला, आणि त्या जंतूच्या विषाला पुढें शिगाचेंच नांव मिळालें. ह्या विषाची बांधणी पटकीच्या विषासारखीच, पांच भागांचें कडें आणि एक भाग आंत शिरणारा. पण आंत शिरल्यावरचें कर्म निराळें. पेशींत मांस घडविणारे बारीक कारखाने असतात. हें विष त्या कारखान्याच्या यंत्रांतला एकच खिळा उपटतें. एक खिळा! पण तो असा मोक्याचा कीं, यंत्र कायमचें बंद पडतें आणि पेशी मरते. आणि वाचकहो, हेंच कर्म, तोच खिळा, आपल्या बांधावरच्या एरंडाच्या बियांतलें विषही उपटतें. १९८७ सालीं एरंडाच्या विषाची आणि १९८८ सालीं शिगाच्या जातीच्या विषाची ही रीत जपानी शास्त्रज्ञांनीं उलगडली. एरंडाची कच्ची पेंड बैलापुढें न ठेवतां शेताला खत म्हणून घालावी, हें आपल्या आजोबांना प्रयोगशाळेवांचून ठाऊक होतें. तेंच विष एखादा जंतु आपल्या पोराच्या आंतड्यांत बसून तयार करील, हें मात्र कोणाच्या स्वप्नांत आलें नसेल.

शिगाचा जंतु स्वतःही मोठ्या आंतड्याच्या पेशींत घुसतो. तेथें सूज येते, साल खरोखर झडते, व्रण पडतात. विष बारीक रक्तवाहिन्यांचें आंतलें अस्तर मारतें. मग मुरडा मारतो, ताप येतो, आणि पाण्यासारखे ढाळ न होतां थोडेंथोडें रक्त आणि आंव पडते. सर्वच रक्ती आंवेंत हें विष असतें असें नाहीं. तिच्या जंतूंच्या इतर जाती आहेत, अमीबाही आहे. परंतु शौचांत रक्त दिसलें कीं भिंतीला कोठेंतरी खिंडार पडलें आहे हें ओळखावें आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. मीठसाखरेचें पाणी वाटेंतही पाजीत जावें, तें कोठेंही वाईट नाहीं. पण तेवढ्यावर थांबूं नये.

ह्याच विषाची एक शाखा दुसऱ्या एका जंतूनें उचलली आहे. तो गुरांच्या पोटांत राहतो, गुरांना कांहीं करीत नाहीं, आणि शेणावाटें पाण्यांत, दुधांत, भाजीवर येतो. १९८२ सालीं अमेरिकेंत अर्धकच्च्या मांसाच्या वड्यांतून तो पहिल्यानें ओळखूं आला. २०११ सालीं जर्मनींत त्याच्या एका भावंडानें पन्नासाहून अधिक माणसें मारलीं, आणि तपास करतां करतां अधिकारी पोंचले ते मोड आलेल्या मेथीपाशीं! तें बियाणें इजिप्तहून आलेलें होतें. हें विष रक्तांतून मूत्रपिंडापर्यंत जातें. लघवी बंद होते, रक्तांतल्या पेशी फुटतात, लहान मुलें विशेष दगावतात. अशा रोग्याला दुकानांतून आणलेल्या जंतुनाशक गोळ्या दिल्या तर कित्येकदां जंतु मरतां मरतां अधिकच विष ओकतो असा संशय आहे. उलट शिगाच्या जंतूच्या हगवणींत योग्य जंतुनाशक औषध द्यावें लागतें. दोन्ही रोगांत शौचांत रक्तच दिसतें. हा निवाडा किराणा दुकानाच्या फळीवर कसा होणार? आणि रक्त पडत असतां जुलाब बांधणारी गोळी देणें म्हणजे दार लावून चोराला घरांत कोंडणें. मुलांना तर ती कधींच देऊं नये.

जंतुनाशक गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एका विषाबद्दल बोलून टाकतों. आपल्या मोठ्या आंतड्यांत असंख्य निरुपद्रवी जंतु नांदत असतात. तेच आगंतुकाला तेथें थारा देत नाहींत. वारंवार आणि विनाकारण जंतुनाशक घेतलें कीं हे शेजारी मरतात, आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचा एक दांडगा जंतु मोकळ्या घरांत मुक्काम ठोकतो. १९७८ सालीं हा संबंध उजेडांत आला. ह्याचें विष पेशीच्या आंतले ताणून धरणारे धागे ढिले करतें. मागावरचा ताणा सुटला तर कापडाचें काय होतें तें कोष्टी बांधवांना विचारा. पेशी आकसून गोळा होते, सांध्यांतल्या दर्जा निखळतात आणि भिंतीवर पिंवळट पापुद्रे धरतात. साध्या सर्दीपडशाला "जरा जोराची गोळी द्या" म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

इतकें झाल्यावर पाण्याविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं, कारण हीं विषें आकाशांतून पडत नाहींत. एका माणसाची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडांत गेल्यावांचून पटकी होत नाहीं. वाक्य ओंगळ आहे, पण खरें आहे. शुद्ध पाणी कोणतें याविषयीं आपल्या देशांत फार चमत्कारिक मतें होऊन गेलीं. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यांतलें ओंजळभर पाणी अस्पृश्य म्हटलेल्या माणसांनीं प्यालें, तेव्हां तें तळें "बाटलें" म्हणून शेण-गोमूत्राच्या घागरी त्यांत ओतून त्याची "शुद्धि" करण्यांत आली! ज्याच्या स्पर्शानें कांहींएक बिघडत नव्हतें तो मनुष्य अशुद्ध, आणि शेण मात्र शुद्ध. असल्या शुद्धीला एकही जंतु भीत नाहीं. जंतूला भीति आहे ती क्लोरीनची आणि उकळीची.

ग्रामपंचायतीकडे टी.सी.एल. पावडर असते आणि ती घालणारा जलसुरक्षकही असतो. पावडर किती आली, केव्हां आली, किती घातली, याची वही असते. नळाच्या शेवटच्या घरांत सकाळीं पाणी तपासण्याची ओ.टी. परीक्षा असते; नळींत पाणी घेऊन दोन थेंब टाकले आणि पिंवळा रंग आला तर क्लोरीन तेथपर्यंत पोंचलें, पाणी पांढरेंच राहिलें तर पोंचलें नाहीं. माझ्या शाळेचीं सातवीचीं पोरें हें काम दहा मिनिटांत शिकतात, आणि नळीचा रंग पिंवळा झाला कीं टाळ्या पिटतात. ओलसर खोलींत तोंड उघडें ठेवलेल्या पोत्यांतली पावडर निकामी होते, क्लोरीन उडून जातें. मग ती कितीही टाका, खडूची भुकटी टाकल्यासारखें आहे. पावसाळ्याच्या पहिल्या पुरानंतर जलवाहिनी कोठें गटारांतून गेली आहे, कोठें तिला चिंधी बांधली आहे, हें शिपायापेक्षां त्या आळींतल्या बाईला अधिक ठाऊक असतें. परंतु ग्रामसभेंत बाई मागें बसते आणि पुढें बोलणारे घरकुलाच्या यादीवर भांडतात.

पुढच्या ग्रामसभेला जातांना एवढे प्रश्न कागदावर लिहून न्यावे. टी.सी.एल.ची वही दाखवा. गेल्या आठवड्यांत शेवटच्या नळाची ओ.टी. परीक्षा कोणत्या दिवशीं केली आणि रंग काय आला? टांकी शेवटची केव्हां धुतली? पोतें कोणत्या तारखेचें आहे आणि कोठें ठेवलें आहे? महारवाड्याकडे म्हणून जी जुनी वाहिनी गेली आहे ती अजून गटारांतूनच कां जाते? उत्तर तोंडी देऊं लागले तर बसून राहावें आणि वही मागावी.